स्विफ्ट आणि बोलेरो, दोन्हींसाठी घरचा ट्रॉली जॅक: दोन टनी घ्यावा की तीन टनी?

वडगावकर_केए२२
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो, मूळ गाव खानापूर तालुक्यात. घरी २०१४ची पेट्रोल स्विफ्ट आहे, गावाकडं थोरल्या भावाची बोलेरो. एअर फिल्टर, बॅटरी, बल्ब, वायपर एवढं मी आजवर स्वतः करत आलोय. आता चाकं उतरवून करायची कामंही घरी करावीत असं फार मनात आहे. टायरची अदलाबदल, मागच्या ड्रममधली धूळ काढणं, पुढचे ब्रेक पॅड किती उरलेत ते बघणं, इतकंच.

हे डोक्यात शिरलं त्याचं कारण सांगतो. गेल्या जुलैत गोव्याहून चोर्ला घाटानं परत येत होतो. कणकुंबी सोडून थोडं पुढं आलो आणि मागचं डावं चाक बसलं. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. रस्त्याकडेला घेतली तर तिथं सगळी तांबडी माती, लोण्यासारखी मऊ झालेली. गाडीबरोबर आलेला कात्रीसारखा जॅक लावला, चार-पाच फेरे फिरवले, चाक उचललं म्हणेपर्यंत जॅकचा पाय मातीत एका बाजूनं रुतला. मी चाक काढून हातात घेतलेलं होतं. गाडी हळूच तिरकी झाली, जॅक वाकला आणि ड्रम सरळ चिखलात टेकला. बायको आणि मुलगी छत्री धरून शेजारीच उभ्या होत्या. कुणाला लागलं नाही, पण त्या दोन सेकंदांचा आवाज अजून कानात आहे. शेवटी भाजीचा टेम्पो घेऊन जाणारे दोघे थांबले, त्यांनी फळी आणि त्यांचा जॅक दिला म्हणून सुटलो.

तर आता चांगला ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा तेलाचा जॅक, घ्यायचा आहे. ऑटोनगरात दोन बघून आलोय.

पहिला दोन टनी, लाल पेटीत मिळतो. वजन साडेआठ किलो, उंची सगळ्यात खाली १३५ मिमी, सगळ्यात वर ३४० मिमी, किंमत ३,१०० रुपये. दुसरा तीन टनी. वजन ३२ किलो, खाली १४५, वर ४९० मिमी, किंमत ११,५००. दुकानदार म्हणतो स्विफ्टला दोन टनी म्हणजे डोक्यावरून पाणी, उगाच पैसे घालू नका. गाडीचं वजन हजार किलोच्या आत, म्हणजे हिशोबानं त्याचं बरोबरच वाटतं. मग तीन टनी घेणारे लोक कशासाठी घेतात?

आमच्या पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत आणि गेटकडं थोडा उतार आहे. गावाकडं बोलेरो शेडमध्ये असते, खाली नुसता मुरूम. दोन्हीकडं एकच जॅक चालवायचा विचार आहे. ज्यांनी घरी वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.


निपाणी_रोड
रविवार, रात्री १०:१५

दादा, मी निपाणी–बेळगाव–हुबळी टुरिस्ट गाडी चालवतो, सोळा वर्षं झाली. माझा अनुभव सांगतो. रस्त्यावर ट्रॉली जॅकचा काही उपयोग नाही. बत्तीस किलोचा लोखंडी गोळा डिकीत घेऊन कोण फिरणार? मी बाटली जॅक ठेवतो, खाली टाकायला फूटभर रुंद जाड फळी, आणि चाकाला लावायला लाकडाच्या दोन पाचरी. आपल्याकडचा पाऊस बघता फळी तर पाहिजेच पाहिजे. तुमच्याकडं त्या दिवशी फळी असती तर गाडीतल्याच जॅकनं काम झालं असतं.

पण बाटली जॅक स्विफ्टला चालत नाही, हे ध्यानात ठेवा. तो उभाच आठ इंच असतो, पंक्चर झालेल्या स्विफ्टखाली जाणारच नाही. बोलेरोला मस्त. घरात कुठला घ्यायचा ते घरी काम करणारी माणसं सांगतील. मी पण बघूलालोय काय म्हणतात ते, कारण धाकटा भाऊ गॅरेज टाकायचं म्हणूलालाय.


उद्यमबाग_फिटर
रविवार, रात्री ११:५०

वडगावकर, टन जरा बाजूला ठेवा आणि मेजरटेप घेऊन गाडीजवळ बसा.

मी उद्यमबागेत ३१ वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर जोडले. होनिंग, सील, टेस्टिंग, सगळ्या टेबलांवर काम केलं. आता निवृत्त आहे, तरी शेजारपाजारचे लोक गळके जॅक घेऊन दारात येतातच. त्यामुळं दुकानातला चकचकीत रंग बघून मला काही वाटत नाही, आत काय असतं ते मला माहीत आहे.

आधी तुमच्या दुकानदाराचा हिशोब बघू. स्विफ्टचं एक कोपरं उचलायचं म्हणजे जेमतेम तीनशे किलो. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली तरी सहाशेच्या आसपास, कारण इंजिन पुढं असतं. दोन टन भरपूर झाले. बोलेरो दीड टनाच्या वर जाते, तिचं एक कोपरं चार-साडेचारशे किलो. त्यालाही दोन टनी पुरतो. वजनाच्या बाबतीत दुकानदार खोटं बोलत नाही.

आता उंची. जॅक तुम्ही बॉडीला लावता आणि चाक बॉडीला स्प्रिंगनं लटकलेलं असतं. बॉडी वर जायला लागली की चाक लगेच सुटत नाही, स्प्रिंग मोकळी होत होत ते खालीच राहतं. स्विफ्टसारख्या गाडीत हे लटकणं आठ-नऊ सेंटीमीटर असतं. म्हणजे सिलची, म्हणजे दारांखालच्या बॉडीच्या पट्टीची, कड जमिनीपासून समजा १९० मिमीवर आहे, तर २८० पर्यंत तुम्ही नुसतं हँडल मारत राहणार, टायर जमिनीलाच. त्यापुढं चाक निघायला दोन-तीन सेंटीमीटर पाहिजेत. झाले ३१०. तुमचा लहान जॅक ३४० ला संपतो. काम होतं, पण काठावर.

आणि बोलेरो. मागं एक्सलच्या नळीखाली जॅक लावला तर स्प्रिंगचं लटकणं मध्ये येत नाही, एक्सल आणि चाक बरोबरच उठतात. टायर २१५/७५ आर १५ असेल तर त्याचा व्यास साधारण ७०० मिमी, म्हणजे चाकाचा मध्य ३५० च्या आसपास आणि नळीची खालची बाजू ३०० च्या जवळ. पंक्चरचं चाक काढून हवा भरलेलं चाक घालायचं तर नळी ३३० तरी गाठली पाहिजे. लहान जॅक इथं शेवटच्या बोटभर जागेत काम करतो. पुढं चेसिसला लावायचा म्हटलं तर तो पोचतच नाही. मग माणूस काय करतो? जॅकखाली चिरा ठेवतो. खानापूर भागात तर हाताला दुसरं येतच नाही, जिथं बघाल तिथं चिऱ्याचे तुकडे.

वडगावकर, हात जोडून सांगतो, चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक यातलं काहीही गाडीखाली ठेवू नका. जॅकखाली नको, जॅकवर नको, आधाराला तर नकोच नको. लाकूड दबतं, करकरतं, तुम्हाला वेळ देतं. चिरा आवाज न करता एका क्षणात फुटतो. जॅकची उंची वाढवायची गरज पडते तिथंच तो जॅक तुमच्या गाडीला लहान पडला असं समजायचं.

म्हणून दोन्ही गाड्या बघायच्या असतील तर तीन टनी घ्या. तो एक टन तुम्हाला नको असला तरी त्याच्याबरोबर येणारे १५० मिमी तुम्हाला पाहिजेत. दुसरा फायदा पायांचा. मोठ्या जॅकची चाकं लांब-रुंद अंतरावर असतात, भार वर गेला तरी तो डुलत नाही.

स्विफ्टचं टायर पूर्ण बसलेलं असताना १४५ मिमीचा जॅक सिलखाली जातो का, ते मात्र घ्यायच्या आधी बघा. रिमवर बसलेली गाडी चांगली पाच-सात सेंटीमीटर खाली येते. माझ्या माहितीत लोक अशा वेळी चाक फळीवर चढवतात आणि मग जॅक सरकवतात, तेही चालतं.

आता फरशीचं सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. ट्रॉली जॅकची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा वरचा गोल भाग, सरळ वर जात नाही. वाटी धरणारा जॅकचा लोखंडी हात एका खिळ्यावर फिरतो, म्हणून वाटी कमानीत वर जाते, वर जाताना पुढं-मागं सरकते. गाडी तर जागेवर उभी आहे. मग ते सरकणं कुठं जाणार? जॅकनं स्वतः चाकावर घरंगळून ते सोसायचं असतं, म्हणून तर त्याला चाकं दिली. तुमच्या मुरमात ती लोखंडी चाकं रुतली, किंवा पेव्हरच्या फटीत अडकली, की जॅक जागचा हलत नाही आणि वाटी सिलवरून घसरायला लागते. उचलताना एकदा खाली वाकून बघा, चाकं इंचभर तरी फिरतात का. फिरत नसतील तर थांबा, खाली घ्या, परत मांडा. त्याला उपाय १९ मिमीच्या प्लायचा, दोन फूट बाय तीन फूट तुकडा. मुरमावर दोन थर टाका. लोखंडी पत्रा ओल्या जमिनीवर नुसता टाकू नका, घसरतो.

पोर्चचा उतार मला आवडला नाही. गाडी आडवी लावता येत असेल तर आडवी लावा. नसेल तर गावाकडच्या शेडमध्ये करा. उतारावर चाक काढायचं काम करू नका.

चाकाला पाचर कुठं लावायची? स्विफ्टचं पुढचं एक चाक उचललं की गिअरचा भरवसा संपला, कारण डिफरन्शिअलमुळं (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणारी यंत्रणा) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही सुटं होतं. तिथं हँडब्रेक धरतो, कारण तो मागच्या चाकांवर आहे. मागची दोन्ही बाजू एकदम उचलली तर हँडब्रेक हवेत गेला, तिथं गिअर धरतो. बोलेरोला ड्राइव्हही मागं आणि हँडब्रेकही मागं. मागचं एक चाक उचललं की गिअर गेला आणि हँडब्रेकही एकाच चाकावर राहिला. म्हणून बोलेरोच्या पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर पक्की ठोका. लाकडाची, चांगली वीतभर. ऐनाचं लाकूड मिळालं तर सोनं.

आणि घोड्या. काही जण त्यांना जॅक स्टँड म्हणतात. जॅक उचलण्यासाठी, घोडी धरण्यासाठी. तेलावर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. का, ते आतून सांगतो. जॅकमध्ये एक छोटा पंप आणि एक मोठा रॅम, म्हणजे तेलाच्या दाबानं बाहेर येणारा दांडा, असतो. समजा पंपाचा दांडा १२ मिमी आणि रॅम ३६ मिमी. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. वर हँडलच्या लांबीचा जोर वेगळा. हे सगळं तेल मागं जाऊ नये म्हणून काय असतं, तर ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी, एका बारीक खड्ड्यावर बसलेली. त्या बसकेवर केसाएवढी लोखंडाची कीस अडकली की तेल परत जायला लागतं आणि गाडी खाली येते. कधी तासाला दोन मिमी, कधी कीस हलली की एकदम. मी स्वतः शेकडो बसका भिंगाखाली बघितल्या आहेत. दिसायला चकचकीत असते आणि एका बाजूला एक नख उमटल्यासारखी रेघ असते. तेवढ्या रेघेवर माणसाचा जीव ठेवायचा नाही.

१९९८ची गोष्ट. आमच्या शेडशेजारी गॅरेज होतं. अॅम्बेसेडर नुसत्या ट्रॉली जॅकवर चढवलेली, खाली एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. जॅकचं हँडल वाटेत आडवं आलेलं. चहा घेऊन येणाऱ्याचा पाय त्याला लागला आणि ते फिरलं. त्या जॅकचा सोडायचा व्हॉल्व्ह हँडल फिरवूनच उघडतो. गाडी खाली आली. काढलेलं चाक त्या पोरानं आळसानं बाजूला न ठेवता गाडीखालीच सरकवून ठेवलं होतं, त्यावर सिल टेकली आणि तो वाचला. मी आणि अजून चौघांनी गाडी उचलून त्याला ओढून काढलं. पोराचे हातपाय थरथरत होते, माझे तर त्याच्याहून जास्त. तेव्हापासून माझ्या दोन सवयी आहेत. गाडी घोडीवर टेकली की जॅकचं हँडल काढून भिंतीला उभं करायचं, आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवायचं. तुम्हीही लावून घ्या.

घोड्यांची जोडी घेताना खाचांपेक्षा आरपार खिळा घालायच्या प्रकारची घ्या. कमीत कमी उंची बघा, बऱ्याच घोड्या २८० च्या आसपास सुरू होतात. पायांचं वेल्डिंग चारही बाजूंनी सलग आहे का, नुसते ठिपके मारलेत का, ते बोट फिरवून बघा.

दुकानात जॅक तपासायचा असेल तर लाजू नका. त्यांच्याच गाडीखाली लावा, उचला, वाटीची उंची टेपनं मोजा, चहा पिऊन या, परत मोजा. नवा जॅक पंधरा मिनिटांत डोळ्याला दिसण्याइतका खाली आला तर तो घेऊ नका. मग व्हॉल्व्ह हळूहळू सोडून बघा. गाडी हळू उतरवता आली पाहिजे, धाडकन नाही. शेवटी एकच विचारा, सील किट, म्हणजे आतल्या रबरी सीलांचा संच, मिळतं का. ‘नवाच घ्या साहेब’ असं उत्तर आलं तर तो जॅक दोन-तीन पावसाळ्यांचा.

सांभाळताना हात पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे रॅम आत राहतो. आपल्याकडं चार महिने हवाच ओली. रॅम बाहेर राहिला की त्याला गंजाचे ठिपके पडतात आणि तेच ठिपके कानशीसारखे सील कापतात. तेल कमी झालं तर ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल घालू नका. जॅकचं सील वेगळ्या रबराचं असतं, ब्रेक ऑइलनं ते फुगून मऊ पडतं. माझ्याकडं येणाऱ्या जॅकमध्ये निम्म्यांचा आजार हाच असतो.


हिंडलगा_गणेशपूर
सोमवार, सकाळी ७:२०

काकांनी इतकं लिहिलंय की वाचून मी लगेच घोड्यांचं वेल्डिंग बघून आले. माझ्या ठीक आहेत.

मी स्वतः गेली पाच वर्षं घरी टायर फिरवते आणि पॅड बदलते. वडगावकर, दोन गोष्टी सांगते, त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

एक म्हणजे वजन. मी आधी ३३ किलोचा जॅक घेतला होता. काम उत्तम करायचा, पण खोलीतून अंगणात आणताना तीन पायऱ्या होत्या, आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. मग काम पुढं ढकललं जायचं. शेवटी एक लाकडी उतरंड करून घेतली आणि जॅक तिच्यावरून ओढत आणते. तुमचा जॅक कुठं राहणार आणि कुठं वापरणार, त्यामध्ये उंबरा किंवा पायरी आहे का, तेवढं बघा. गावाकडं नेणार असाल तर डिकीत चढवायला दोघं लागतील.

दुसरं, आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. पहिल्याच वेळी जॅकच्या मागच्या छोट्या चाकाखाली फरशीला आरपार भेग गेली. खाली पोकळी होती. आता प्लाय टाकल्याशिवाय जॅक अंगणात येतच नाही.

माझी एक अडचण आहे, काका. सिलवर ज्या दोन खाचांच्या मध्ये जॅक लावायचा, घोडीही तिथंच लावायची असते. जॅकनं जागा अडवल्यावर घोडी कुठं लावायची?


उद्यमबाग_फिटर
सोमवार, सकाळी ८:०५

ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. खाचांची जागा घोडीसाठी मोकळी ठेवायची आणि जॅक आत लावायचा. पुढं लोअर आर्म जिथं सबफ्रेमला मोठ्या बोल्टनं जोडलेला असतो, तिथली जाड जागा. मागं एक्सल बीमचं पुढचं टोक जिथं बॉडीला ब्रॅकेटनं जोडलंय, त्याच्याजवळ. गाडीच्या मॅन्युअलमध्ये उचलायच्या जागांचं चित्र असतं, ते आधी बघा आणि तिथंच लावा. ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्स, फ्लोअरचा पत्रा, यांना वाटी टेकवायची नाही. पत्रा आत जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

सिलच्या कडेला लावावंच लागलं तर मध्ये रबर पाहिजे. बाजारात खाचेचा गोल रबर मिळतो. मी साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा वापरतो. भंगारात किलोवर मिळतो, आत कापडाचे थर असतात म्हणून फाटत नाही. दोन तुकडे एकावर एक चिकटवून मधोमध बोटभर रुंद खाच कापली की सिलची कड त्यात बसते, भार कडेवर न येता दोन्ही बाजूंच्या चपट्या भागावर येतो. बारा वर्षं तोच तुकडा चालू आहे.


निपाणी_रोड
सोमवार, दुपारी १:३०

काका, बोलेरोच्या हँडब्रेकचं तुम्ही सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला. सोळा वर्षं मी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढून मागचं चाक काढतोय. पाचर लावतो, पण एकाच बाजूनं. आजपासून दोन्ही बाजूंनी. भावाला पण वाचायला दिलंय.

अजून एक माझ्याकडून. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग गाडी उचला. वर असताना पान्यावर पाय देऊन जोर लावणारे मी रोज बघतो. घट्ट करताना पण शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीनं.


वडगावकर_केए२२
पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो, म्हणजे पुढं कुणी शोधत आला तर त्याला उपयोग होईल.

काका म्हणाले तसं सोमवारी संध्याकाळीच टेप घेऊन गाडीजवळ बसलो. स्विफ्टची सिल डाव्या बाजूला मागं १९५ मिमी भरली. मग मागच्या डाव्या टायरमधली हवा पूर्ण सोडून परत मोजलं, १३८. म्हणजे दुकानातला १४५ चा जॅक पंक्चरच्या वेळी सिलखाली गेलाच नसता. हे मोजलं नसतं तर आणल्यावरच कळलं असतं. बुधवारी परत ऑटोनगरात गेलो आणि खालची उंची कमी असलेला तीन टनी मागितला. १०० मिमीपासून ५०० पर्यंत जाणारा एक मिळाला, वजन ३४ किलो, किंमत १३,२००. ठरवल्यापेक्षा १,७०० रुपये जास्त गेले, पण दोन्ही गाड्यांना एकच जॅक चालेल. खिळ्याच्या घोड्यांची जोडी २,४०० ला. एका जोडीचं वेल्डिंग दोन पायांवर ठिपक्यांचं होतं, ती परत ठेवून दुसरी काढायला लावली.

दुकानातच त्यांच्या ओम्नीखाली लावून बघितला. उचलल्यावर वाटी ४१२ मिमी, वीस मिनिटांनी मोजली तर ४११. दुकानातला पोरगा सुरुवातीला हसत होता, नंतर तोही टेपवर वाकून बघत होता. सील किट मिळतं म्हणाले, तिथंच ४५० रुपये देऊन एक घेऊनही ठेवलं.

काल गावाला गेलो. डिकीत चढवायला शेजारच्याची मदत घेतली, ताईंचं तंतोतंत खरं निघालं. शेडमध्ये मुरमावर प्लायचे दोन थर टाकले. बोलेरोच्या पुढच्या चाकांना चार पाचरी, त्या आमच्या सुतारानं जुन्या तुळईच्या लाकडातून कापून दिल्या. मागचं उजवं चाक उचललं तेव्हा मी मुद्दाम वाकून जॅकच्या चाकांकडं बघत होतो. पहिले दोन-तीन पंप ती हलली नाहीत, प्लायवर बारीक खडा होता. खाली घेतला, खडा झाडला, परत उचलला. या वेळी जॅक स्वतःहून गाडीखाली सरकत गेला, साधारण दोन बोटं. ते बघितल्यावर कणकुंबीला गाडी तिरकी होताना काय झालं होतं ते नीट उमगलं. तिथं जॅकखाली टणक जागाच नव्हती.

घोडी लावली, हँडल काढून खांबाला उभं केलं, काढलेलं चाक चेसिसखाली सरकवलं. भाऊ विचारत होता, एवढं सगळं एका ड्रमसाठी? त्याला काकांचा अॅम्बेसेडरचा किस्सा वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून दुसऱ्या बाजूची पाचर हातोडीनं अजून दोन घाव ठोकून आला.

ड्रममध्ये मूठभर काळी धूळ निघाली. फुंकर न मारता ओल्या फडक्यानं पुसली. लायनिंग अजून चांगलं आहे.

काका, एक विचारायचं राहिलं. जॅकच्या तेलाच्या बुचाजवळ काल रात्री ओलसर दिसलं. थेंब पडत नाही, बोट लावलं की तेलकट लागतं. गाडीतून आडवा नेला होता. घाबरण्यासारखं आहे का?


उद्यमबाग_फिटर
रविवार, रात्री ८:१०

घाबरू नका. आडवा नेला की बुचातून थोडं तेल येतं आणि त्या जागी हवा आत शिरते. हात पूर्ण खाली, व्हॉल्व्ह मोकळा, बूच काढा आणि हँडल दहा-पंधरा वेळा मारा. हवा बाहेर येईल. मग तेलाची पातळी बघा, बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पाहिजे. कमी असेल तर भरा, व्हॉल्व्ह बंद, बूच लावा. बुचाचं रबर दबलेलं दिसलं तर किटमधलं नवं घाला. उद्या पुसून कोरडा ठेवा आणि परवा बोट लावून बघा. परत ओलं लागलं तर घेऊन या, मी घरीच असतो.